जुळवून घे

1 मे 2019. तोक्योच्या राजवाड्यातलं मात्सु-नो-मा दालन. नवा सम्राट नारुहितो उभा आहे आणि त्याच्यासमोर एकेक वस्तू आणून ठेवली जाते आहे. गुंडाळलेली तलवार, रत्नाची पेटी, राजमुद्रा. काही मिनिटांचाच विधी. कोणी बोलत नाही, कोणी हलत नाही. समोर काळ्या कोटांची रांग आणि त्या रांगेत एकच बाई, सात्सुकी कातायामा. मंत्रिमंडळातली एकमेव स्त्री, महिला सक्षमीकरणाची मंत्री. मंत्री म्हणून ती आत आहे. आधुनिक काळात या विधीला हजर राहिलेली पहिली स्त्री तीच.

सम्राटाची बायको मासाको बाहेर आहे. या विधीला राजघराण्यातले प्रौढ पुरुष चालतात, बायका चालत नाहीत. थोड्या वेळाने दुसरा समारंभ झाला, तेव्हा मासाको आत आली आणि नवऱ्याशेजारी उभी राहिली.

आता या दोघींची मागची पानं उलटून बघा. कातायामा तोक्यो विद्यापीठात कायदा शिकली आणि 1982 मध्ये अर्थखात्यात अधिकारी झाली. मासाको ओवादाने हार्वर्डमध्ये अर्थशास्त्र केलं, तोक्यो विद्यापीठात कायद्याचा अभ्यास केला आणि 1987 मध्ये परराष्ट्र खात्यात रुजू झाली. पाच वर्षांच्या अंतराने दोघी एकाच तऱ्हेच्या दारातून सरकारी नोकरीत शिरल्या. एकीने काम धरून ठेवलं, ती दालनात उभी होती. दुसरीने काम सोडून युवराजाशी लग्न केलं, तिला दाराबाहेर थांबावं लागलं. मुलीला 'राजाची राणी होशील' असा आशीर्वाद देणाऱ्या प्रत्येकाने ही सकाळ लक्षात ठेवावी.

मासाकोबद्दल 'बिचारी' हा शब्द फार सैल वापरतात. मला तो मान्य नाही. ती काय होती हे आधी नीट पाहिलं, तरच तिच्याकडून काय काढून घेतलं ते कळतं.

वडील हिसाशी ओवादा परराष्ट्र सेवेत. त्यामुळे मुलीचं बालपण बदल्यांमध्ये गेलं. बालवाडी मॉस्कोत. मग न्यूयॉर्क. मग तोक्योत देनेनचोफू फुताबा ही मुलींची शाळा. तिथे तिला सॉफ्टबॉल खेळायचा होता, तर मैत्रिणी जमवून तिने संघ उभा केला. शाळा संपण्याआधीच पुन्हा अमेरिका. बॉस्टनजवळच्या बेलमाँटमधून 1981 मध्ये ती शाळेबाहेर पडली, 1985 मध्ये हार्वर्डमधून. दर काही वर्षांनी नवी भाषा, नवा वर्ग, नवे शेजारी. ज्या मुलीने रशियन बालवाडीपासून अमेरिकन विद्यापीठापर्यंत जिथे टाकलं तिथे मूळ धरलं, तिला जुळवून घेणं शिकवायची गरज कोणालाच नव्हती. हे वाक्य मी मुद्दाम इथेच लिहून ठेवते आहे, पुढे लागणार आहे.

परराष्ट्र खात्याची परीक्षा तिने 1986 मध्ये दिली. सुमारे 800 उमेदवार, पास झाले 28. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये जपानमध्ये नोकरीत स्त्री-पुरुषांना समान संधी देणारा कायदा लागू झाला होता. तोवर मोठ्या कंपन्यांमध्ये मुली चहा देत, कागद झेरॉक्स करत आणि लग्न ठरलं की राजीनामा देत. आता पहिल्यांदा एक पिढी म्हणत होती की आम्ही कामासाठी आलो आहोत, स्थळ येईपर्यंत वेळ काढायला नाही. मासाको त्या पिढीचा चेहरा झाली. तिने मागितलं नव्हतं, पण झाली.

आणि नेमकं त्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये, स्पेनच्या राजकन्येच्या स्वागतसमारंभात पुढे युवराज झालेल्या नारुहितोने तिला पाहिलं.

पुढे खात्याने तिला ऑक्सफर्डला बेलिअल कॉलेजात पाठवलं. तिथेही कॅमेरे पोचले. 1989 मधलं ते चित्रण आजही जपानी वाहिन्या दाखवतात. रस्त्यावर गाठलेली पंचविशीतली मुलगी, चेहऱ्यावर वैताग, आवाज मात्र सरळ. त्या स्थळाशी माझा काही संबंध नाही, मी खात्याची कर्मचारी म्हणून काम करत राहणार आहे, एवढंच तिने सांगितलं. यात लाजणं नाही, नखरा नाही. साधा नकार आहे. एखाद्या मुलीने इतक्या स्वच्छपणे नाही म्हटलं, तर त्याचा अर्थ नाही असाच घ्यायचा असतो.

राजवाड्याच्या कारभाराचं जे खातं आहे, कुनाइचो, त्यालाही ती नकोच होती. कारण वेगळं. तिच्या आईचे वडील चिस्सो कंपनीचे अध्यक्ष होते. याच कंपनीने मिनामाताच्या खाडीत पारा सोडला आणि हजारो माणसं कायमची मोडली. ते आजोबा बँकेतून तिथे गेले, 1964 मध्ये अध्यक्ष झाले. आजाराची अधिकृत नोंद त्याआधीच, 1956 मध्ये झाली होती आणि सांडपाणी मात्र 1968 पर्यंत वाहत राहिलं. मिनामाताच्या माणसांचं दुःख खरं आहे, त्या कंपनीचं पाप खरं आहे. पण नातीची चौकशी किती बारकाईने झाली बघा. आजोळच्या कंपनीपर्यंत माणसं पोचली. स्थळ बघताना मुलीकडच्यांची सात पिढ्यांची चौकशी होते, हे आपल्याला नवं नाही. मुलाकडच्यांची कोण करतो? या घरात आलेल्या आधीच्या सुनेचं काय झालं, हे कोणी विचारलं?

विचारायला हवं होतं, कारण उत्तर समोर होतं. मिचिको, नारुहितोची आई. पिठाच्या गिरण्यांच्या मोठ्या कंपनीच्या अध्यक्षांची मुलगी. 1959 मध्ये युवराज अकिहितोशी लग्न झालं, तेव्हा युवराजाची बायको झालेली सामान्य घराण्यातली ती पहिलीच. जुन्या सरदार घराण्यांनी तिला काय काय ऐकवलं त्याच्या कथा जपानमध्ये सगळ्यांना ठाऊक आहेत. 1963 मध्ये गर्भ गेला आणि ती काही काळ हायामाच्या समुद्रकाठी जाऊन राहिली. 1993 च्या ऑक्टोबरमध्ये, मासिकांनी तिच्यावर आगपाखड चालवलेली असताना, ती आपल्या 59 व्या वाढदिवशी कोसळली आणि कित्येक महिने तिला बोलता येईना. वाचाच गेली. ते 1993 म्हणजे मासाको सून होऊन आली तेच वर्ष. उंबरा ओलांडून चार महिने झाले होते आणि सासूचा आवाज बंद झाला होता.

तरी मासाकोने होकार का दिला? लोक प्रेम म्हणतात, दबाव म्हणतात. मी तिचं स्वतःचं बोलणं धरते. 19 जानेवारी 1993 ला साखरपुडा जाहीर झाला. पिवळा पोशाख, पिवळी टोपी, समोर पत्रकारांचा जथा. खात्यातली नोकरी सोडताना वाईट वाटत नाही का, असं विचारल्यावर तिने सांगितलं की वाटतं, पण युवराजांची मागणी स्वीकारून राजघराण्याच्या नव्या वाटेवर आपला उपयोग करणं हेच आता माझं काम आहे, असा विचार मी केला. शब्द बघा. उपयोग. काम. ती घर थाटायला चाललेली नव्हती, बदलीवर चालली होती. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात. देशासाठी परदेशांशी बोलायचं ते आता परराष्ट्र खात्याच्या टेबलावरून बोलण्याऐवजी राजघराण्याच्या वतीने बोलायचं. युवराजाने तिला जन्मभर सर्व शक्तीनिशी जपण्याचं वचन दिलं, तेही तिने त्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं.

9 जून 1993 ला लग्न झालं. जुनिहितोए म्हणजे एकावर एक चढवलेल्या रेशमी वस्त्रांचा दरबारी पोशाख. पंधरा किलोच्या आसपास वजन. केस तेल लावून मागे ताणून पसरलेले. ते चित्रण पाहताना माझी नजर तिच्या पावलांवर जाते. इतकं रेशीम मागे ओढत चालायचं तर पाऊल वीतभरच पडतं. जलद चालायची सवय असलेली बाई त्या दिवशी वीत वीत चालली. पोशाख संध्याकाळी उतरवता आला. चाल तशीच राहिली.

कारण राजवाड्याला तिचे गुण नको होते, मुलगा हवा होता. 1947 च्या कायद्याप्रमाणे गादी फक्त मुलाला, तीही मुलाच्याच वंशात. राजघराण्यात 1965 नंतर एकही मुलगा जन्मला नव्हता. म्हणजे तिच्या भाषा, तिच्या वाटाघाटी, तिचं अर्थशास्त्र सगळं फडताळात आणि रोज एकच प्रश्न, काही गोड बातमी? परदेश दौरे कमी करून टाकले, सून घरात हवी म्हणून. 1999 च्या डिसेंबरमध्ये गर्भपात झाला, तोही बातम्यांच्या गर्दीत. 1 डिसेंबर 2001 ला आइको जन्मली. मुलगी. आईबापांचा आनंद मावेना आणि कुनाइचोचा हिशेब मात्र तिथल्या तिथे.

2002 च्या डिसेंबरमध्ये न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर निघण्याआधी मासाको पत्रकारांशी बोलली. परदेशी जाणं हा माझ्या आयुष्याचाच भाग होता, त्यामुळे सहा वर्षं परदेश दौरा करणं अवघड असण्याच्या परिस्थितीशी जुळवून घ्यायला मला बरेच मोठे प्रयत्न करावे लागले, असं ती म्हणाली. किती सभ्य वाक्य आहे हे. एकाही माणसावर बोट नाही. जपानीत तिने जो शब्द वापरला तो 'तेकिओ', जुळवून घेणं.

वर्षभरात तिला नागीण झाली आणि ती सार्वजनिक कामातून बाजूला झाली. त्याच महिन्यात, डिसेंबर 2003 मध्ये, कुनाइचोच्या प्रमुखाने जाहीरपणे सांगितलं की नारुहितोच्या धाकट्या भावाने आणि त्याच्या बायकोने तिसरं मूल होऊ द्यावं अशी फार इच्छा आहे. आजारी पडलेल्या बाईच्या कानावर हे घालायची ही वेळ होती का? घरातल्या एखाद्या सासूने असं बोललं तर आळीतल्या चार बायका तिला जाब विचारतील. इथे सरकारी अधिकारी पत्रकारांपुढे बोलला आणि लिहून घेतलं गेलं.

जुलै 2004 मध्ये राजवाड्याने तिच्या आजाराचं नाव जाहीर केलं, तेकिओ शोगाइ. तोच शब्द. दीड वर्षापूर्वी जुळवून घ्यायला फार कष्ट पडले म्हणाली होती, आता कागदावर आलं की जुळवून घेण्याचा विकार. डॉक्टरांच्या निदानाशी माझं भांडण नाही. वैद्यकात तो शब्द परिस्थितीचा ताण मोजतो, माणसाचा दोष मोजत नाही. पण रस्त्यावर, मासिकांत, जेवणाच्या टेबलावर तो शब्द कसा वाचला गेला? सुनेला जमलं नाही. जिने मॉस्को जमवलं, न्यूयॉर्क जमवलं, हार्वर्ड आणि ऑक्सफर्ड जमवलं, तिला नवऱ्याचं घर जमलं नाही म्हणे. अरे, मग घराकडे बघा ना! पाच ठिकाणी रुजलेलं रोप सहाव्या ठिकाणी वाळलं, तर माती तपासतात.

आपल्याकडेही मुलीला निरोप देताना आई कानात तेच सांगते, जुळवून घे. मी स्वतः ऐकलं आहे, भाचीला सांगितलंही आहे आणि आता त्याची मला मनापासून खंत वाटते. कारण हा सल्ला नेहमी एकाच बाजूला दिला जातो. घराला कोणी सांगत नाही की बाई येते आहे, थोडं सरका.

एक माणूस मात्र बोलला आणि त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. 10 मे 2004. युवराज नारुहितो युरोपच्या दौऱ्याला एकटा निघाला होता. जाण्याआधीच्या पत्रकार परिषदेत त्याने सांगितलं की मासाकोने मुत्सद्देगिरीचं काम सोडून राजघराण्यात पाऊल टाकलं, परदेशांशी मैत्री जोडणं हे राजघराण्यातलं मोठं काम आहे असं मानलं आणि तरी तिला परदेशी जाऊ दिलं जात नव्हतं याचा तिला फार त्रास झाला. पुढे तो म्हणाला की मासाकोची कारकीर्द आणि तिचं व्यक्तिमत्त्व नाकारणाऱ्या हालचाली झाल्या, हे खरं आहे. जपानचा युवराज असं बोलत नाही. शतकानुशतकं बोलला नव्हता. देश हादरला. धाकट्या भावाने त्याला जाहीरपणे सुनावलं की आधी वडिलांशी बोलायला हवं होतं. वडील सम्राटही म्हणाले की मला नीट उलगडा झालेला नाही. आईबाप, भाऊ, कारभारी सगळे एका बाजूला आणि बायकोसाठी उभा राहिलेला नवरा दुसऱ्या बाजूला. वचन दिल्याला अकरा वर्षं झाली होती, उशीर झाला होता, पण त्याने ते पाळलं. राजवाड्याबाहेरच्या किती नवऱ्यांना आपल्या आईसमोर हे वाक्य उच्चारता येतं?

त्यानंतरची वर्षं मी भराभर ओलांडते, कारण मासिकांनी ती पुरेशी चघळली आहेत. बाहेर जेवायला गेली तर टीका, मुलीच्या शाळेत सोबत गेली तर टीका, समारंभाला आली नाही तर टीका. 2005 मध्ये सरकारने नेमलेल्या समितीने मुलींनाही गादीचा हक्क द्या अशी शिफारस केली. 6 सप्टेंबर 2006 ला धाकट्या जोडप्याला मुलगा झाला आणि ती शिफारस बाजूला पडली. एका बाळाच्या जन्माने कायद्याचा प्रश्न मिटला असं मानलं गेलं.

हे सगळं राजघराण्यात व्हायचंच, असं कोणी म्हणेल, तर माझ्याकडे नेदरलँड्सचं उदाहरण आहे. मॅक्सिमा, अर्जेंटिनाची, न्यूयॉर्कमध्ये बँकेत काम करणारी. तिच्याही वडिलांवर डाग होता, लष्करी हुकूमशाहीत ते मंत्री होते आणि म्हणून 2002 मध्ये लेकीच्या लग्नाला ते आले नाहीत. वाद झाला, मिटला आणि घराण्याने सुनेचं डोकं वापरलं. 2009 पासून 2024 पर्यंत तिने संयुक्त राष्ट्रांसाठी गरिबांपर्यंत बँकसेवा पोचवण्याचं काम केलं. बँकेतली बाई बँकेचंच काम करत राहिली, राणी होऊनसुद्धा. 30 एप्रिल 2013 ला तिचा नवरा राजा झाला. त्या सोहळ्याला मासाको आली, दहा वर्षांहून जास्त काळानंतरचा तिचा पहिला अधिकृत परदेश दौरा. ॲम्स्टरडॅमच्या त्या चर्चमध्ये दोन कारकिर्दी एका छपराखाली होत्या. एक वाढवलेली आणि एक कोंडलेली.

आणि मग 2019. सम्राज्ञी झाल्यावर महिना उलटायच्या आत अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प पत्नीसह आले. मासाको दुभाष्याशिवाय त्यांच्याशी बोलत राहिली. पुढच्या महिन्यात फ्रान्सच्या ब्रिजित माक्राँशी फ्रेंचमध्ये. वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं. केवढी विदुषी, केवढी सहजता! मला तो कौतुकाचा पाऊस वाचून राग आला, आजही येतो. ती भाषा 1993 मध्येही तिच्या तोंडात होती. पंचवीस वर्षं कुलूप लावून ठेवलेली पेटी उघडली आणि आत सोनं निघालं म्हणून टाळ्या वाजवायच्या? कुलूप कोणी लावलं होतं ते आधी बोला.

त्या नोव्हेंबरमध्ये राजवाड्यासमोर लोकांनी नव्या सम्राटाचं स्वागत केलं. गाणं झालं, हजारो लोक हातात दिवे घेऊन उभे. मासाकोने डोळे टिपले. दुसऱ्या दिवशीच्या मिरवणुकीत उघड्या गाडीतही टिपले. ते अश्रू कशाचे होते हे मी सांगणार नाही, तो तिचा खाजगी कागद आहे. मी एवढंच नोंदवते की सव्वीस वर्षं ज्या चेहऱ्यावर काही दिसू नये अशी सक्ती होती, त्यावर त्या दिवशी काहीतरी दिसलं आणि गर्दीने ते प्रेमाने घेतलं. माणसं कुनाइचोपेक्षा बरी असतात.

28 जून 2024 ला ऑक्सफर्डने तिला कायद्याची मानद डॉक्टरेट दिली. साठी गाठलेली बाई लाल झगा घालून त्याच गावात उभी होती, जिथे पंचविशीत तिने कॅमेऱ्यांना सांगितलं होतं की मी खात्यातच काम करणार.

लेक आइको त्या वर्षी मार्चमध्ये पदवीधर झाली. एप्रिलपासून ती तोक्योत जपानी रेडक्रॉसमध्ये नोकरी करते. कायदा अजून तोच आहे. तिला गादी मिळणार नाही आणि सामान्य घरातल्या मुलाशी लग्न केलं तर या कायद्याप्रमाणे राजघराण्यातलं नावही जाईल, जसं 2005 मध्ये तिच्या आत्याचं गेलं आणि 2021 मध्ये चुलतबहिणीचं गेलं. तोवर ती कामावर जाते आहे. आईने खात्यात पहिला दिवस भरला तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. लेक एका वर्षाने लवकर रुजू झाली.